ऊन कोपरगावात, पूर गोदावरीला

गेल्या वर्षी १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. जुलैच्या शेवटी माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र घरी आले, कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसले आणि चार रजा टाकल्या की नऊ दिवस कसे मोकळे होतात, ते त्यांनी मला शिकवलं. उत्तरकाशीकडचा एक ट्रेक त्यांनी हेरून ठेवला होता. पैसे भरायचे बाकी होते. मामा दर एक-दोन वर्षांनी हिमालयात जातात, तेव्हा त्यांच्या कानावर घालावं, एवढ्यासाठी ही फेरी. मी एकच विचारलं, "पावसाचं काय?" भाच्याने खिडकीबाहेर हात केला. "कसला पाऊस मामा? बघा की, कसलं कडक ऊन पडलंय!"

कोपरगावच्या पोराने तरी असं बोलू नये.

मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा कालवा निरीक्षक म्हणून. गोदावरीचं पाणी बघत माझे केस पिकले. आमच्या गावाला पूर येतो तेव्हा पुष्कळदा गावात पाऊस नसतोच. पाऊस असतो त्र्यंबकला, इगतपुरीला. गंगापूर भरतं, दारणा भरतं, दोन्हींचं पाणी नांदूर मधमेश्वरला येतं आणि तिथून विसर्ग सुटला की काही तासांनी नदी आमच्या दाराशी. लहान पुलावर पाणी चढलेलं असतं आणि पुलाच्या अलीकडे लोक डोळ्यांवर हात धरून, उन्हात, पूर बघत उभे असतात. छत्री कोणाकडेच नसते. नदीकाठच्या म्हाताऱ्या बायका आभाळाकडे बघत नाहीत, 'नांदूरहून किती सोडलंय' ते विचारतात. क्युसेक म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही, पण पन्नास हजार म्हटलं की काय उचलायचं आणि लाख म्हटलं की काय उचलायचं, हे पाठ असतं.

एवढं शहाणपण घरात असलेला माणूस दिल्लीच्या गाडीत बसला की ते मनमाडला उतरवून पुढे का जातो, हे मला कळत नाही.

पोरांचा ट्रेक त्यांनीच पुढे ढकलला. माझ्या बोलण्यामुळे नव्हे, त्यातल्या एकाची रजा नाकारली गेली म्हणून. ५ ऑगस्टला उत्तरकाशी जिल्ह्यातल्या धरालीत खीरगंगेतून चिखल-दगडांचा लोट आला आणि भागीरथीकाठची हॉटेलं, घरं पाहता पाहता त्याखाली गेली. महाराष्ट्रातले पर्यटकही त्या भागात अडकले. ते चित्रण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं आहे, त्याचं वर्णन करत नाही. नऊ दिवसांनी, १४ ऑगस्टला, किश्तवाडच्या चिसोतीत मचैल मातेच्या यात्रेकरूंवर तसाच लोट आला. भाच्याचा फोन आला तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही.

आता त्याच्या उन्हाबद्दल. आमच्याकडे पावसाने ओढ दिली की आपल्याला वाटतं, पाऊस गेला. तो गेलेला नसतो, सरकलेला असतो. वर्तमानपत्रात एक वाक्य दर पावसाळ्यात येतं आणि आपण ते ओलांडून पुढे जातो: 'मॉन्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला आहे.' हा आस म्हणजे राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा. तो मध्य भारतावर असला की आपल्याला बरा पाऊस होतो. तो उत्तरेला पायथ्याशी जाऊन टेकला की महाराष्ट्रात खंड पडतो, सोयाबीन माना टाकतं, आणि तीच ओल हिमालयाच्या उतारांवर जाऊन आपटते. म्हणजे कोपरगावात ऊन कडक पडणं ही ऑगस्टमध्ये हिमालयात जायला अनुकूल खूण नाही, उलटी खूण आहे. २०२३चा ऑगस्ट आठवा. देशभरात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट म्हणून त्याची नोंद झाली. आमच्याकडे कालव्याचं आवर्तन कधी सुटतं याकडे डोळे लागले होते. त्याच महिन्यात, १४ तारखेला, सिमल्यात समरहिलच्या शिवमंदिरावर दरड आली आणि सकाळी पूजेला आलेली माणसं त्याखाली गेली.

आपल्या लोकांची दुसरी अडचण सह्याद्रीने करून ठेवली आहे. मराठी माणसाला पावसाळा म्हणजेच डोंगरात जायचा काळ वाटतो. आमच्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड. आषाढ लागला की रविवारी तिकडे जत्रा भरते. पाऊस अंगावर घेत चढायचं, वर गरम भजी, खाली धबधबा. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर बसलेला, घट्ट. (तोही माळीणला ३० जुलै २०१४ रोजी आणि इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ रोजी सुटलाच, तेव्हा फार भरवसा त्याचाही धरू नये.) हिमालय अजून उंच होतो आहे. त्याचा दगड पिचलेला, उतार उभा, आणि रस्ते करताना त्या उताराचा पायथाच कापलेला. तिथे पाऊस अंगावर घ्यायची गोष्ट नसते. पाऊस रस्त्यावर पडतो आणि तुमचा ट्रेक बहुतेक वेळा पायवाटेवर नाही, रस्त्यावर मोडतो.

माझा तसाच मोडला. २०१८चा ऑगस्ट, आश्लेषा नक्षत्र. (आमच्याकडे पावसाला महिने लावत नाहीत. माझ्या डायरीत हिमालयही नक्षत्रांनीच लिहिलेला आहे.) आम्ही पाच जण आणि आमच्या मंडळींपैकी दोघी, फुलांच्या घाटीला निघालो. ही घाटी पावसाळ्याशिवाय बघताच येत नाही, हे कबूल करायला हवं. १ जून ते ३१ ऑक्टोबर ती उघडी असते, पण फुलं जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंतच. फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक १९३१ मध्ये कामेत शिखरावरून परतताना पावसापाण्यात चुकून या घाटीत उतरला, म्हणून ती जगाला कळली. गोविंदघाटहून चालत घांघरिया, तिथून रोज घाटीत जाऊन परत. आत तंबू टाकायला मनाई आहे. हेमकुंडच्या वाटेवर सौभाग्यवतींना ब्रह्मकमळ दिसलं. ते बघून ती एवढंच म्हणाली, "अहो, आपल्या कुंडीतलं म्हणजे निवडुंग हो." खरंच आहे ते. आपण रात्री फुलतं म्हणून शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो, ते ब्रह्मकमळ नव्हे.

फुलं झाली, परतीला लागलो आणि पिपळकोटीला गाडी थांबली. पुढे बिरहीच्या अलीकडे दरड. आज निघेल, संध्याकाळी निघेल, उद्या सकाळी निघेल. तीन दिवस तिथे बसलो. आमच्या आयोजकांनी (नाव घेत नाही, सगळ्यांचे कागद सारखेच असतात) सहा दिवसांचा कार्यक्रम दिला होता आणि सहाव्या संध्याकाळी हरिद्वारहून परतीची गाडी. मधे श्वास घ्यायला अर्धा दिवससुद्धा नव्हता. गाडी गेली, तिकिटांचे पैसे गेले, त्याचं काही नाही. आमच्यातल्या नानांना साखरेचा आजार. त्यांनी गोळ्या मोजून आणल्या होत्या, सहा दिवसांच्या आणि वर एक. पाकीट रिकामं झालं त्या सकाळी नाना माझ्याशी पाऊस, राजकारण, उसाचा भाव, सगळ्यावर बोलले. गोळ्यांचं मात्र दुपारी सांगितलं. पिपळकोटीच्या बाजारातल्या दुकानदाराने रिकामं पाकीट उजेडाला धरलं, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि दुसऱ्या नावाचं तेच औषध काढून दिलं. मिळालं म्हणून ठीक.

त्या तीन दिवसांत मी माझ्या धंद्याचं एक काम केलं. हॉटेलमालकाने बिरही गंगेवरच्या गोहना तालाची गोष्ट सांगितली, आणि घरी आल्यावर मी ती मिळेल तिथून वाचून काढली. १८९३च्या सप्टेंबरात, म्हणजे पावसाळ्याच्या शेपटाला, तिथे अख्खा डोंगर नदीत कोसळला आणि शेकडो फूट उंचीचा बांध आपोआप तयार झाला. मागे पाणी साचू लागलं. तेव्हाच्या सरकारी अभियंत्यांनी जाऊन पाहिलं, हिशेब मांडला आणि सांगितलं की हे पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये भरून वाहील. मग त्यांनी पाण्यावर माणूस बसवला, खाली नदीकाठाने तारेची लाइन टाकली, पूल उतरवून ठेवले, पुराची रेषा आखून गावं वर हलवली. २५-२६ ऑगस्ट १८९४च्या रात्री बांध फुटला. गढवालचं श्रीनगर शहर वाहून गेलं. माणसं मेली पाच. एक फकीर आणि त्याचं कुटुंब, हलवलेलं असताना परत गेलेलं. एवढ्या पुरात पाच! मी ते वाचलं तेव्हा माझ्या धंद्याचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा निवृत्तीच्या समारंभातही वाटला नव्हता.

त्यांच्याकडे होतं काय? पाण्याची उंची मोजायची पट्टी, तार आणि वाट बघायची तयारी. आपल्याकडे आज उपग्रह आहेत, जिल्हावार पिवळा-नारिंगी-लाल इशारा आहे, दोन आठवड्यांचा अंदाज आहे. वाट बघायची तयारी तेवढी नाही.

कालव्यावर एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. पाणी वाढलं तर बघ, पण पाणी अचानक कमी झालं तर पळ. कमी झालं म्हणजे वरच्या अंगाला कुठे तरी कालवा फुटला आहे. हिमालयातल्या ओढ्याचंही तेच, फक्त तिथे तुटलेलं नसतं, अडलेलं असतं. वर दरडीने वाट बुजवलेली असते आणि ती सुटणार असते. पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पानं वाहून येऊ लागली, तरी तोच निरोप. २०२२ मध्ये हमटा खिंडीच्या वाटेवर, पलीकडे शिआगोरूला आमचा तंबू होता, तिथे मी सवयीने पाण्याच्या कडेला एक पांढरा धोंडा ठेवला. सकाळी सातला धोंडा कोरडा. अकराला त्याचा पाय भिजला. दुपारी तीनला धोंडा दिसेना. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. वरचा बर्फ उन्हाने वितळून खाली यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळाने ओढा चढतो. म्हणून तो पहाटेच ओलांडायचा. बरोबरची मुंबईची पोरं फोटो काढत होती. मी त्यांना धोंड्याची जागा दाखवली. एकाने विचारलं, "काका, तुम्ही जिऑलॉजिस्ट आहात का?" म्हटलं, नाही रे बाबा, पाटकरी.

हमटाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. जुलै-ऑगस्टशिवाय सुट्टी मिळतच नसेल तर कुठे जावं, याचं उत्तर कोपरगावच्या माणसाला भूगोलाच्या पुस्तकात शोधावं लागत नाही. आमच्याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला आमच्याकडे चारशे-पाचशे. मधे सह्याद्री उभा आहे. राजूरहून संगमनेरकडे उतरताना एसटीच्या काचा आपोआप कोरड्या होतात, तो प्रवास आम्ही जन्मभर करतो. हिमालयातही तसंच आहे. हमटा खिंडीच्या अलीकडची कुलूची बाजू हिरवीगार, भिजलेली. चौदा हजार फुटांच्या आसपासची ती खिंड ओलांडली की लाहौल: तांबडं, उघडं, धुळीचं. आमच्यातले अप्पा खिंडीत बसले, पलीकडे बघितलं आणि म्हणाले, "हात्तिच्या, हे तर आपलंच गाव." २०२०च्या ऑक्टोबरात रोहतांगखालून अटल बोगदा सुरू झाल्यापासून तर चालायचंही कारण उरलं नाही, नऊ किलोमीटरच्या बोगद्यात एका बाजूने पावसात शिरायचं आणि पुष्कळदा दुसऱ्या बाजूने उन्हात निघायचं. लाहौल, स्पिती, लडाखची मार्खा दरी, ही हिमालयातली कोपरगावं. काश्मीरच्या सरोवरांचा ट्रेकही जुलै ते सप्टेंबरचाच. तिथे मॉन्सूनचा जोर कमी पडतो.

मात्र पर्जन्यछाया म्हणजे हमी नव्हे, हेही आम्हालाच ठाऊक. आमच्याकडे वर्षभराचा पाऊस एखाद्या रात्रीत पडतो तेव्हा काय होतं? जमीन पीत नाही, ओढे सगळं घेऊन जातात. ६ ऑगस्ट २०१०च्या पहाटे लेहमध्ये तेच झालं, दोनशेच्या वर माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये मॉन्सून आणि पश्चिमेकडचा झंझावात एकत्र आले, बियासने मनाली-कुलूचा रस्ता ठिकठिकाणी कापून नेला आणि चंद्रतालला, पर्जन्यछायेत, अडीचशेच्या वर पर्यटक बर्फात अडकले. आपला महसूल विभाग चोवीस तासांत ६५ मिलिमीटरला अतिवृष्टी धरून पंचनामे करतो. हवामान खात्याच्या व्याख्येत ढगफुटी म्हणजे तासाला १००. आणि हे सगळं वीस-तीस चौरस किलोमीटरांत. शेजारच्या दरीतल्या पर्जन्यमापकाला पत्ताही लागत नाही.

मे-जूनचा पर्याय सगळ्यांना माहीत आहे, शाळेची सुट्टी तेव्हाच असते. १० जूनच्या आत खाली उतरावं असं माझं मत. लोक म्हणतात, मॉन्सून दिल्लीला जूनच्या शेवटी पोचतो, मग घाई कशाला? २०१३ मध्येही सरासरी असंच सांगत होती. तेव्हाच्या हिशेबात सगळा देश व्यापायला १५ जुलै उजाडायला हवा होता. मॉन्सूनने तो १६ जूनला व्यापला. त्याच सुमारास केदारनाथच्या वरचा चोराबारी ताल फुटला. मृगात!

माझी स्वतःची पसंती दसऱ्याची. पाऊस संपला की सीमोल्लंघन, ही आपली जुनी रीत. मराठ्यांच्या फौजा पावसाळा छावणीत काढायच्या आणि दसऱ्याला मोहिमेवर निघायच्या. १७५८ मध्ये ज्यांच्या फौजा अटकेपर्यंत गेल्या ते राघोबादादा शेवटच्या दिवसांत आमच्याच गावात येऊन राहिले आणि १७८३ मध्ये इथेच गेले. त्यांचा वाडा दाखवताना मी पाहुण्यांना सांगतो, उत्तरेकडे कधी निघायचं हे या माणसाला कळत होतं. बाकीचं त्याचं काय काय चुकलं तो विषय वेगळा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हिमाचल-उत्तराखंडातून पाऊस माघारी फिरतो, हवा धुतल्यासारखी होते, ओढे खाली बसतात. दिवाळीची सुट्टीही असते. तरी हस्त-चित्रा रिकामी जात नाहीत, हे शेतकऱ्याला विचारा. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेलं हुदहुद वादळ दोन दिवसांनी नेपाळात थोरोंग खिंडीत बर्फ होऊन पडलं आणि चाळीसच्या वर माणसं गेली. २०२१ मध्ये १७ ते १९ ऑक्टोबरच्या पावसाने उत्तराखंडात लामखागा खिंडीकडे गेलेल्या ट्रेकरांना गाठलं. कोणताच महिना कोणी लिहून देत नाही.

म्हणून माझं भांडण महिन्यांशी नाहीच. ते आहे त्या छापील कागदाशी, ज्यात पहिला दिवस, दुसरा दिवस असं करत शेवटच्या दिवशी 'रात्री परतीचा प्रवास' लिहिलेलं असतं. पावसाळी ट्रेकच्या कागदावर दोन राखीव दिवस छापलेले आणि किमतीत धरलेले असावेत. लागले नाहीत तर ऋषिकेशला गंगेकाठी बसा. दुसरं, हवामान खात्याने त्या जिल्ह्याला लाल इशारा दिला की तारीख फुकट पुढे ढकलता आली पाहिजे, आणि हे आयोजकाच्या मर्जीवर राहू नये, नियमात यावं. माणसं इशारा वाचत नाहीत असं नाही. वाचतात, पण भरलेले पंधरा हजार बुडतील म्हणून निघतात. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालायला जिल्हाधिकारी आदेश काढतात; बंदीपेक्षा पैसे परत मिळण्याची सोय अधिक जीव वाचवील, असं मला वाटतं. रेल्वेने नकळत एक उपकार केला आहे. १ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी वैशाखात श्रावणाचं तिकीट काढावं लागायचं, आता निदान मृग कसा गेला ते बघून काढता येतं.

आणि आयोजकांच्या माथी सगळं मारून चालणार नाही. राखीव दोन दिवस म्हटलं की पहिला विरोध आमच्यातूनच होतो. "दोन दिवस तिथे नुसतं बसून काय करायचं?" रब्बीच्या आवर्तनाची महिना-महिना वाट बघणारी माणसं आम्ही, हिमालयात मात्र आम्हाला दोन दिवस बसवत नाही.

यंदा १५ ऑगस्ट शनिवारी आहे, म्हणजे भाच्याच्या कॅलेंडरचं काही जमत नाही. त्याने स्वतःहूनच ऑक्टोबर काढला आहे. परवा रात्री त्याचा फोन होता, "मामा, परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं काढू?" मी म्हटलं, आधी नानांना विचार. नाना या वेळी येतो म्हणाले आहेत. बेत सात दिवसांचा आहे, गोळ्या त्यांनी अकरा दिवसांच्या लिहून घेतल्यात.